स्ट्रिंगची यादी लूपने जोडणे : प्रारंभिक प्रोग्रामिंगच्या अध्यापनातील एका उदाहरणाचे विवेचन

सारांश :
यादीतील शब्द एकापुढे एक जोडून त्यांची एक सलग ओळ तयार करणे, हे प्रोग्रामिंगच्या पहिल्या सत्रातील अत्यंत साधे उदाहरण समजले जाते. बहुतेक आधुनिक भाषांत या कामासाठी तयार सुविधा उपलब्ध असल्याने ते लूपने करून घेण्याची गरज काय, असा प्रश्नही उपस्थित केला जातो. प्रस्तुत लेखात या उदाहरणाचे टप्प्याटप्प्याने विश्लेषण केले आहे. विभाजक चिन्हाचे स्थान, रिकाम्या यादीचा प्रसंग, पुनःपुन्हा होणाऱ्या नकलेचा खर्च आणि देवनागरी मजकुराची वैशिष्ट्ये या चार अंगांनी विचार केला असता, हे उदाहरण विद्यार्थ्याची लूपविषयीची समज तपासण्याचे प्रभावी साधन ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्ट्रिंग, यादी, लूप, विभाजक, अचल विधान, प्रात्यक्षिक परीक्षा, मूल्यमापन

१. प्रस्तावना :
महाविद्यालयीन स्तरावर प्रोग्रामिंग हा विषय आता केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. वाणिज्य, संख्याशास्त्र, भूगोल, ग्रंथालयशास्त्र, भाषाविज्ञान अशा अनेक शाखांतील विद्यार्थ्यांना माहितीवर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम लिहावे लागतात. शालेय स्तरावरही प्रोग्रामिंगचा परिचय व्हावा, अशी भूमिका राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घेण्यात आली आहे. त्यामुळे हा विषय प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर कोणती उदाहरणे ठेवावीत आणि त्यांतून काय साधावे, हा सर्वच शाखांतील अध्यापकांच्या विचाराचा प्रश्न आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत अनेकदा असे घडते, की विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालतो, पडद्यावर अपेक्षित आउटपुट दिसते, जर्नलमध्येही प्रयोग नीटनेटका लिहिलेला असतो आणि परीक्षक पूर्ण गुण देतात. मात्र तोच प्रोग्राम दुसऱ्या यादीवर चालवला तर चुकतो. विद्यार्थ्याला लूप समजला आहे की लूपची ओळ पाठ झाली आहे, हे केवळ आउटपुट पाहून कळत नाही. संगणकीय सहायकांकडून तयार प्रोग्राम क्षणार्धात मिळण्याच्या आजच्या काळात तर हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे. शब्द जोडण्याचे साधे उदाहरण हा भेद उघड करू शकते.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) स्ट्रिंगची यादी जोडण्याच्या प्रश्नाचे नेमके स्वरूप स्पष्ट करणे.
२) लूपने हा प्रश्न सोडवताना नवशिक्या विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या चुकांची कारणमीमांसा करणे.
३) लूप आणि भाषेतील तयार सुविधा यांच्यातील फरक खर्चाच्या दृष्टीने समजावून देणे.
४) अध्यापन व मूल्यमापनासाठी उपयुक्त सूचना मांडणे.

३. प्रश्नाचे स्वरूप :
संगणकाच्या परिभाषेत स्ट्रिंग म्हणजे अक्षरे, अंक, चिन्हे व रिकाम्या जागा यांची ठरावीक क्रमाने असलेली मालिका होय. 'पुणे' ही एक स्ट्रिंग आहे. तसेच एकही अक्षर नसलेली रिकामी स्ट्रिंग हीदेखील एक स्ट्रिंगच आहे. यादी म्हणजे अशा अनेक स्ट्रिंगचा क्रमबद्ध संग्रह. 'पुणे', 'नाशिक', 'सातारा' ही तीन नावे यादीत असतील, तर त्यांपासून 'पुणे, नाशिक, सातारा' ही एकच स्ट्रिंग तयार करणे हा येथील प्रश्न आहे. दोन शब्दांच्या मध्ये येणाऱ्या स्वल्पविराम व रिकाम्या जागेस या लेखात 'विभाजक' असे म्हटले आहे.

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात दोन भिन्न संख्या दडलेल्या आहेत. शब्द तीन आहेत, विभाजक मात्र दोनच. फुलांच्या माळेत दहा फुले ओवली तर फुलांमधील अंतरे नऊ असतात. कुंपणाला अकरा खांब रोवले तर त्यांच्यामधील गाळे दहा असतात. खांब आणि गाळे यांच्या संख्येतील या एकाच्या फरकामुळे होणारी चूक प्रोग्रामिंगमध्ये सर्वपरिचित आहे. लूप ही रचना मात्र तेच काम ठरावीक वेळा करण्यासाठी असते. शब्दांइतक्या फेऱ्या घ्याव्यात तर एक विभाजक जास्त होतो. विभाजकांइतक्या घ्याव्यात तर एक शब्द उरतो. विद्यार्थ्याला जाणवणाऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

४. पहिले उत्तर आणि त्यातील दोष :
विद्यार्थी सामान्यतः जे पहिले उत्तर लिहितो, ते मराठी रूपात पुढीलप्रमाणे मांडता येईल :

निकाल = ""
यादीतील प्रत्येक शब्द घेऊन :
    निकाल = निकाल + शब्द + ", "
निकाल दाखवा

याचे आउटपुट 'पुणे, नाशिक, सातारा, ' असे येते. अखेरीस एक स्वल्पविराम आणि एक रिकामी जागा शिल्लक राहते. स्वल्पविराम निदान डोळ्यांना दिसतो. विभाजक म्हणून केवळ रिकामी जागा वापरली असेल, तर हा दोष पडद्यावर दिसतही नाही. पुढे ही स्ट्रिंग दुसऱ्या स्ट्रिंगशी ताडून पाहिली की दोन्ही सारख्या दिसत असूनही संगणक त्यांना भिन्न ठरवतो आणि विद्यार्थी गोंधळात पडतो.

याआधीच्या पायरीवरही एक चूक वारंवार आढळते. 'निकाल' रिकामा करण्याची ओळ विद्यार्थी लूपच्या आत लिहितो. प्रत्येक फेरीत आधीचे सर्व पुसले जाऊन अखेरीस केवळ 'सातारा, ' एवढेच हाती राहते. ही चूक झालेल्या विद्यार्थ्याला फेरीपूर्वीचे काम आणि फेरीतील काम यांतील फरक उमगलेला नसतो. योग्य ओळ सांगून प्रोग्राम दुरुस्त होतो, समज मात्र दुरुस्त होत नाही. अशा वेळी प्रत्येक फेरीनंतर 'निकाल' या व्हेरिएबलमध्ये काय आहे, याचा तक्ता विद्यार्थ्याकडून कागदावर लिहून घेणे हा अधिक परिणामकारक उपाय आहे.

५. दुरुस्तीचे मार्ग :
अखेरचा जादा विभाजक टाळण्यासाठी विद्यार्थी अनेक मार्ग शोधतात. त्यांतील प्रत्येक मार्गाचे परीक्षण करणे उद्बोधक ठरते.

अ) शेवटची अक्षरे काढून टाकणे : लूप पूर्ण झाल्यावर निकालातील शेवटची दोन अक्षरे छाटणे हा पहिला मार्ग. तीन नावांच्या यादीसाठी तो योग्य उत्तर देतो. परंतु यादी रिकामी असेल तर छाटण्यासाठी काहीच नसते. शेवटची दोन अक्षरे वगळून उरलेला भाग घेण्याची सोय पायथॉनमध्ये आहे आणि ती रिकाम्या स्ट्रिंगवर निमूटपणे रिकामी स्ट्रिंग देते. जावामध्ये मात्र लांबीतून दोन वजा करून भाग मागितल्यास ऋण स्थान मागितले जाते व प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. शिवाय पुढे कोणी विभाजक बदलला आणि 'दोन' हा आकडा तसाच राहिला, तर उत्तर चुकते. विभाजक एके ठिकाणी व त्याची लांबी दुसऱ्या ठिकाणी अशी विखुरलेली माहिती भविष्यातील चुकीस निमंत्रण देते.

आ) शेवटचा शब्द ओळखणे : 'शब्द शेवटचा नसेल तरच विभाजक जोडा' अशी अट घालणे हा दुसरा मार्ग. कल्पना योग्य आहे. परंतु अट कशी लिहिली जाते यावर सारे अवलंबून आहे. काही विद्यार्थी हाती असलेला शब्द यादीतील शेवटच्या शब्दासारखा आहे का, असे तपासतात. यादी 'पुणे', 'नाशिक', 'पुणे' अशी असेल तर पहिल्याच फेरीत 'पुणे' हा शेवटचा शब्द समजला जातो आणि आउटपुट 'पुणेनाशिक, पुणे' असे येते. येथे मूल्य आणि स्थान यांची गल्लत झालेली आहे. शेवटचा असणे हा त्याच्या यादीतील स्थानाचा गुण आहे, ही बाब या एका उदाहरणातून विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. अट स्थानक्रमांकावर लिहिल्यास उत्तर बरोबर येते.

इ) निकाल रिकामा आहे का ते पाहणे : 'निकाल रिकामा नसेल तर आधी विभाजक जोडा, मग शब्द जोडा' हा तिसरा मार्ग. तो बहुतेक याद्यांवर यशस्वी ठरतो. मात्र यादीतील पहिलीच स्ट्रिंग रिकामी असेल, तर पहिल्या फेरीनंतरही निकाल रिकामाच राहतो आणि दुसऱ्या शब्दापूर्वीचा विभाजक गळतो. नमुना अर्जातील एखादा रकाना रिकामा सोडलेला असणे ही व्यवहारातील नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी एक स्वल्पविराम गळाला, की पुढील सर्व रकाने एका स्थानाने सरकतात. आडनावाच्या जागी गावाचे नाव येते. त्यामुळे हा दोष क्षुल्लक मानता येत नाही.

ई) विभाजक आधी, शब्द नंतर : चौथ्या मार्गात विभाजकच एका व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो. आरंभी तो रिकामा असतो आणि पहिली फेरी संपताच त्याला खरे मूल्य मिळते :

निकाल = ""
विभाजक = ""
यादीतील प्रत्येक शब्द घेऊन :
    निकाल = निकाल + विभाजक + शब्द
    विभाजक = ", "
निकाल दाखवा

रिकामी यादी, एकच शब्द असलेली यादी, पुनरावृत्त शब्द, रिकामी स्ट्रिंग या सर्व प्रसंगी ही रचना योग्य उत्तर देते. तीत कोठेही 'जर' नाही, ही तिची आणखी एक जमेची बाजू. पहिला शब्द लूपपूर्वीच निकालात घेऊन दुसऱ्या शब्दापासून 'विभाजक आणि शब्द' अशी जोडी जोडत जाणे, हे याच विचाराचे दुसरे रूप आहे. मात्र त्यात रिकाम्या यादीसाठी स्वतंत्र तपासणी करावी लागते.

एका फेरीचा अर्धाच भाग अखेरीस करावा लागणे, हा प्रश्न संगणकशास्त्रात जुना आहे. डोनाल्ड नुथ यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संरचित प्रोग्रामिंगवरील निबंधात अशा 'अमुक फेऱ्या आणि वर अर्धी' या प्रकारच्या लूपची चर्चा केली आहे. सोलोवे, बोनार आणि एर्लिच यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय असलेली भाषा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना काही प्रश्न अचूक सोडवणे अधिक सुलभ गेल्याचे दिसून आले. तात्पर्य, येथे अडखळणारा विद्यार्थी मंद असतो असे नव्हे. माणसाची विचार करण्याची रीत आणि लूपची ठरीव चौकट यांच्यातील अंतर त्याला पार करावे लागत असते.

६. लूपचे अचल विधान :
दोषपूर्ण आणि निर्दोष लूप यांच्यातील फरक नेमक्या शब्दांत सांगण्यासाठी 'अचल विधान' ही संकल्पना उपयुक्त आहे. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि सी. ए. आर. होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रामची अचूकता तर्काने सिद्ध करण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात ही संकल्पना मध्यवर्ती आहे. प्रत्येक फेरीच्या अखेरीस जे विधान सत्य राहते, ते त्या लूपचे अचल विधान होय.

चौथ्या मार्गातील लूपचे अचल विधान असे मांडता येईल : 'फेरी संपताना निकालामध्ये आतापर्यंत घेतलेले सर्व शब्द मूळ क्रमाने असतात आणि लागोपाठच्या प्रत्येक दोन शब्दांमध्ये नेमका एक विभाजक असतो.' शेवटची फेरी संपल्यावर 'आतापर्यंत घेतलेले सर्व शब्द' म्हणजे यादीतील सर्व शब्द होतात. अर्थात उत्तर आपोआप सिद्ध होते.

आता विद्यार्थ्याच्या पहिल्या उत्तराचे अचल विधान पाहू जाता ते 'प्रत्येक शब्दानंतर एक विभाजक असतो' असे आढळते. म्हणजेच अखेरचा जादा स्वल्पविराम हा अपघात नाही. लूपने जे करण्याचे मान्य केले तेच त्याने अखेरपर्यंत केले. मान्य केलेली गोष्टच चुकीची होती. हे लक्षात आलेला विद्यार्थी पुढील चूक आउटपुटमध्ये न शोधता स्वतःच्या विधानात शोधू लागतो. अचल विधान गणिती चिन्हांत लिहिण्याचा आग्रह पहिल्या सत्रात धरण्याचे कारण नाही. ते साध्या मराठी वाक्यात सांगता आले तरी पुरेसे आहे.

७. न दिसणारा खर्च :
आउटपुट निर्दोष झाल्यावरही एक प्रश्न उरतो. पायथॉन व जावा या भाषांत स्ट्रिंग अपरिवर्तनीय असते. म्हणजे एकदा तयार झालेली स्ट्रिंग नंतर बदलता येत नाही. 'निकाल + शब्द' असे लिहिले की जुन्या निकालाला शेपूट जोडले जात नाही, तर मेमरीत नवी जागा घेऊन जुना निकाल व नवा शब्द या दोहोंची तेथे नक्कल केली जाते. फळ्यावरील ओळीच्या शेवटी एक शब्द लिहिण्यासाठी दरवेळी नवा फळा आणून पूर्ण ओळ पुन्हा लिहावी, तसे हे काम आहे.

प्रत्येकी १० अक्षरांच्या नावांची यादी घेऊन व विभाजकांची लांबी तूर्त बाजूला ठेवून हिशेब केला, तर पहिल्या फेरीत १०, दुसऱ्या फेरीत २०, तिसऱ्या फेरीत ३० अक्षरे लिहिली जातात. १० नावांसाठी ही बेरीज ५५० होते. अंतिम स्ट्रिंग मात्र १०० अक्षरांचीच असते. १,००० नावांसाठी ५०,०५,००० अक्षरे लिहावी लागतात, तर अंतिम लांबी १०,००० असते. १,००,००० नावांसाठी बेरीज ५०,००,०५,००,००० म्हणजे ५ हजार कोटी ५ लाख इतकी होते. अंतिम लांबी केवळ १०,००,००० असते. नावे दहापट झाली की काम सुमारे शंभरपट होते. एकपासून क्रमवार संख्यांच्या बेरजेचे शाळेत शिकलेले सूत्र येथे प्रत्यक्ष उपयोगास येते, हेही विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावे.

सी भाषेत चित्र थोडे वेगळे आहे. तेथे स्ट्रिंग म्हणजे शून्य मूल्याच्या खुणेने संपणारा अक्षरांचा ॲरे असतो. जोडणीसाठी असलेले 'स्ट्रकॅट' हे फंक्शन जुन्या मजकुराची नक्कल करत नाही. परंतु त्याचा शेवट शोधण्यासाठी दर वेळी आरंभापासून चालत जाते. जोएल स्पोल्स्की यांनी २००१ मधील एका लेखात यासाठी रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्या कामगाराची गोष्ट वापरली होती. रंगाचा डबा तो पहिल्याच जागी ठेवतो आणि प्रत्येक पट्ट्यासाठी तेथवर परत चालत जातो. साहजिकच त्याचे काम रोज कमी कमी होत जाते. याशिवाय सी भाषेत निकालासाठी राखलेली जागा अपुरी असेल तर मजकूर शेजारच्या मेमरीत सांडतो. म्हणून जागेचा हिशेब आधी करणे तेथे अपरिहार्य असते.

भाषांतील तयार सुविधा नेमके हेच करतात. पायथॉनमध्ये स्ट्रिंगची 'जॉइन' ही मेथड विभाजकावर चालवली जाते व तिला यादी दिली जाते. पायथॉनच्या प्रचलित अंमलबजावणीत ती आधी सर्व स्ट्रिंगची एकूण लांबी मोजते, तेवढी जागा एकदाच घेते आणि मग प्रत्येक स्ट्रिंगची एकदाच नक्कल करते. जावामध्ये २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून 'स्ट्रिंगबिल्डर' हा वर्ग उपलब्ध आहे आणि २०१४ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत स्ट्रिंग वर्गालाच 'जॉइन' ही मेथड मिळाली. स्ट्रिंगबिल्डर शेवटी मोकळी जागा राखून ठेवतो आणि ती संपली की मोठी जागा घेतो. त्यामुळे दर फेरीला पूर्ण नक्कल होत नाही.

येथे अध्यापकांनी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पायथॉनच्या २००४ मधील २.४ आवृत्तीपासून काही विशिष्ट प्रसंगी जोडणी जागच्या जागी करण्याची युक्ती प्रचलित अंमलबजावणीत समाविष्ट आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत वेळ मोजला असता लूप अपेक्षेइतका मंद न आढळण्याची शक्यता असते. ही युक्ती भाषेच्या नियमांचा भाग नाही आणि पायथॉनच्या अधिकृत शैलीनियमांतही तिच्यावर विसंबून राहू नये असे सुचवलेले आहे. नवा शब्द निकालाच्या मागे न जोडता पुढे जोडत गेल्यास ही युक्ती लागू होत नाही आणि वाढत्या यादीबरोबर वाढणारा खर्च स्पष्टपणे मोजता येतो.

८. मराठी मजकुराच्या संदर्भात :
उदाहरणे मराठीतून घेतल्यास आणखी काही बाबी पुढे येतात. मराठीत यादी लिहिताना शेवटच्या दोन नावांमध्ये स्वल्पविरामाऐवजी 'आणि' येते : 'पुणे, नाशिक, सातारा आणि सांगली'. येथे विभाजक सर्वत्र सारखा नसल्याने तयार 'जॉइन' एकट्याने पुरत नाही. शेवटचे नाव वगळून उरलेली नावे स्वल्पविरामाने जोडावी लागतात आणि मग 'आणि' सह शेवटचे नाव जोडावे लागते. एकच नाव असेल तर 'आणि' येता कामा नये आणि एकही नाव नसेल तर काहीच येता कामा नये. लूपचा विचार अवगत असलेला विद्यार्थीच हा बदल आत्मविश्वासाने करू शकतो. तयार सुविधा असतानाही लूप का शिकवावा, या प्रश्नाचे हे एक समर्पक उत्तर आहे.

दुसरी बाब अक्षरांच्या मोजणीची आहे. वाचकाला 'पुणे' या शब्दात दोन अक्षरे दिसतात. परंतु युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी चार स्वतंत्र चिन्हे साठवली जातात. पायथॉन ३ या शब्दाची लांबी ४ सांगते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून सी भाषेतील लांबी मोजणारे फंक्शन १२ सांगते. आता विभाजक म्हणून दोन्ही बाजूंना रिकामी जागा असलेला 'आणि' घेतला आणि पाचव्या विभागातील पहिल्या मार्गाने अखेरचा विभाजक छाटायचा ठरवला, तर विद्यार्थी डोळ्यांनी मोजून ४ हा आकडा लिहितो. प्रत्यक्षात चिन्हे ५ असतात. पायथॉनमध्ये अखेरीस एक न दिसणारी रिकामी जागा उरते, तर सी भाषेत ४ बाइट छाटल्यावर ओळीच्या शेवटी 'आण' शिल्लक राहते. लांबी डोळ्यांनी मोजू नये, हा धडा येथे प्रत्यक्ष मिळतो.

तिसरी बाब भाषेच्या अध्यापकांना विशेष रुचेल. संगणकाची जोडणी म्हणजे व्याकरणातील संधी नव्हे. 'विद्या' आणि 'आलय' जोडल्यास संगणक 'विद्याआलय' देतो, 'विद्यालय' नाही. 'जगत्' आणि 'गुरू' जोडल्यास 'जगत्गुरू' देतो, 'जगद्गुरू' नाही. मात्र 'सत्' आणि 'कार' जोडताच पडद्यावर 'सत्कार' असे जोडाक्षर उमटते. कारण हलन्तापुढे व्यंजन आले की ते जोडून दाखवणे हे फॉन्टचे व मजकूर रेखाटणाऱ्या यंत्रणेचे काम आहे. मेमरीतील चिन्हे तीच राहतात. साठवणे आणि दाखवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यातून सहज स्पष्ट होते.

९. अध्यापन व मूल्यमापनासाठी सूचना :
या विवेचनाच्या आधारे अध्यापनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम तीन शब्दांची जोडणी विद्यार्थ्यांकडून कागदावर, प्रत्येक फेरीचा तक्ता करून घ्यावी. त्यानंतर पहिले सदोष उत्तर येऊ द्यावे. ते अगोदरच टाळू नये. दुरुस्तीचे विविध मार्ग विद्यार्थ्यांनाच सुचवू द्यावेत आणि प्रत्येक मार्ग चुकवणारी यादी शोधण्याचे काम वर्गातील दुसऱ्या गटाला द्यावे. अचल विधान मराठीत लिहून घ्यावे. यानंतरच खर्चाचा हिशेब मांडावा आणि सर्वांत शेवटी तयार सुविधा शिकवावी. या क्रमाने शिकलेल्या विद्यार्थ्याला 'जॉइन' ही जादू वाटत नाही. आपणच सोडवलेल्या प्रश्नाचे ते अधिक काटकसरी रूप आहे, हे त्याला कळते.

प्रात्यक्षिक परीक्षेत प्रोग्राम एकाच यादीवर न चालवता पुढील याद्यांवर चालवून पाहावा :
१) रिकामी यादी.
२) एकच शब्द असलेली यादी.
३) दोन शब्दांची यादी.
४) पहिला आणि शेवटचा शब्द सारखा असलेली यादी.
५) पहिली स्ट्रिंग रिकामी असलेली यादी.
६) हजारो शब्दांची, प्रोग्रामनेच तयार केलेली यादी.

यादीत हजेरी क्रमांकासारख्या संख्या मिसळल्या तर काय होते, हाही तोंडी परीक्षेतील चांगला प्रश्न आहे. जावा संख्येचे रूपांतर स्वतःहून करून जोडणी पूर्ण करते, तर पायथॉन त्रुटी दाखवून ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोपवते.

गुणदानाबाबत दोन टोकाच्या भूमिका टाळणे इष्ट ठरेल. प्रश्नात 'लूप वापरून' असे स्पष्ट म्हटलेले नसताना तयार सुविधा वापरली म्हणून गुण कापणे अन्यायाचे आहे. व्यवहारात तीच योग्य निवड असते. उलट, तयार सुविधा वापरून एका ओळीत उत्तर आले म्हणून लूपची समज आहे असे गृहीत धरणेही चुकीचे आहे. प्रश्नातच अपेक्षा स्पष्ट केल्यास दोन्ही बाजूंचा संभ्रम टळतो. 'हा प्रोग्राम कोणत्या यादीवर चुकेल?' आणि 'दुसऱ्या फेरीनंतर निकालात काय असेल?' हे दोन प्रश्न तोंडी परीक्षेत विचारण्यास प्रत्येक विद्यार्थ्यामागे फार वेळ लागत नाही. परंतु प्रोग्राम स्वतः समजून लिहिला आहे की कोठून तरी उतरवला आहे, हे त्यांवरून बहुतांशी लक्षात येते.

१०. निष्कर्ष :
१) शब्दांची व विभाजकांची संख्या यांतील एकाचा फरक हे या प्रश्नातील अडचणीचे मूळ आहे, तो फरक शब्दांत मांडता येणे ही समजेची पहिली खूण आहे.
२) दुरुस्तीचे लोकप्रिय मार्ग नमुना यादीवर यशस्वी ठरत असले तरी रिकामी यादी, पुनरावृत्त शब्द व रिकामी स्ट्रिंग या प्रसंगी त्यांतील काही अपयशी ठरतात.
३) अचल विधानाची कल्पना साध्या मराठीत, पहिल्याच सत्रात रुजवता येते.
४) लूपने केलेल्या जोडणीचा खर्च यादीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू शकतो, तयार सुविधेचे खरे समर्थन लघुलेखनात नसून या खर्चाच्या बचतीत आहे.
५) मराठी मजकूर वापरल्याने विभाजक, लांबी आणि अक्षर या संकल्पना अधिक काटेकोरपणे तपासल्या जातात.

समारोप :
तीन गावांची नावे स्वल्पविरामाने जोडण्यास संगणकाची गरज नाही. परंतु ती जोडताना अखेरचा स्वल्पविराम कोठून आला, हे ज्या विद्यार्थ्याला सांगता येते, त्याला पुढे लाखो नोंदींच्या प्रोग्राममधील चूकही शोधता येण्याची शक्यता अधिक असते. तयार उत्तरे सर्वत्र उपलब्ध असताना अध्यापकाच्या हाती उरते ते योग्य प्रश्न विचारण्याचे काम. रिकामी यादी दिली तर काय होईल, हा त्यांतील सर्वांत छोटा प्रश्न आहे; प्रात्यक्षिकाच्या तासाची सुरुवात त्यापासून करण्यास हरकत नसावी.